ऑप्टिकल मटेरियल्समध्ये पीएचडी करावी का? अकासाकी सरांबद्दल वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये

खान्देशची_लेक :

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, धुळ्याकडे. प्रोजेक्टसाठी एलईडीवर वाचत होते आणि वाचता वाचता इसामू अकासाकी या जपानी प्रोफेसरांपर्यंत पोचले, निळ्या एलईडीवाले, २०१४ चं फिजिक्सचं नोबेल अमानो आणि नाकामुरांसोबत. खरं सांगते, तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये. १९७३ ला त्यांनी गॅलियम नायट्राइड हातात घेतलं तेव्हा बाकीचे लोक कंटाळून ते सोडून चालले होते, कारण त्याचा चांगला स्फटिकच कुणाला जमेना, आणि पी-एन जंक्शनचा, म्हणजे दोन प्रकारच्या सेमीकंडक्टर थरांच्या जोडाचा, निळा दिवा लागायला १९८९ उजाडलं. सोळा वर्षं एकच मटेरियल! नोबेल मिळालं तेव्हा वय ८५.

आता माझा प्रश्न. मला पीएचडी करायचीये आणि ऑप्टिकल मटेरियल्समध्येच करायचीये. जवळपास दोन गाईड आहेत, एकांकडे फॉस्फर, म्हणजे ऊर्जा मिळाली की उजेड देणाऱ्या पावडरी, बनवतात आणि दुसऱ्यांकडे केडीपी नावाच्या क्षाराचे वगैरे स्फटिक वाढवतात, क्रिस्टल ग्रोथ. पण सिनियर म्हणतात यात काही राहिलेलं नाहीये, डोपंट (मुद्दाम घातलेलं थोडंसं दुसरं मूलद्रव्य) बदलायचा, एक्सआरडी (एक्स-रेने रचना बघणं) काढायचा, पीएल (प्रकाश टाकून निघणारा उजेड मोजणं) काढायचा, पेपर पाठवायचा, पाच वर्षं अशीच जातात आणि पुढे नोकरी नाही ती नाहीच. पप्पा म्हणतात बीएड कर, आई काही बोलत नाही पण तिला वाटतं मी शिकावं.

तर ज्यांनी या विषयात आयुष्य घालवलंय त्यांनी प्लीज सांगा की खरंच यात शोधायला काही उरलंय का, आणि प्रोफेसर होऊन संशोधन करणं म्हणजे रोज नक्की काय करणं असतं. मोठं उत्तर आलं तरी चालेल, मी सगळं वाचणारे.

मफलवाला :

ताई, मी फॉस्फरमध्येच पीएचडी केलीये, विदर्भातून. नागपूरकडे ल्युमिनेसन्सवर कित्येक वर्षांपासून काम चालतं त्यामुळे आमच्याकडे हा विषय घरचाच. आता एका अनुदानित कॉलेजात शिकवतो, संशोधन चालू आहे.

आधी तू एक कर. घरातला बंद असलेला एखादा एलईडी बल्ब वरचं पांढरं झाकण काढून बघ, आत पिवळे चौकोनी ठिपके दिसतील. चिप आहे निळी, साधारण ४५० नॅनोमीटरची, आणि वरचा पिवळा थर म्हणजे फॉस्फर, बहुतेक वेळा यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटमध्ये थोडं सिरियम. थोडा निळा त्यातून तसाच बाहेर येतो, थोडा पिवळा होतो, दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. म्हणजे अकासाकी सरांची निळी चिप घराघरात पोचली ती या पिवळ्या पावडरीच्या खांद्यावर बसून. पण त्या उजेडात लाल कमी पडतो म्हणून स्वस्त बल्बखाली टोमॅटोचा रंग मेलेला दिसतो. चांगला लाल फॉस्फर, जो दीडशे अंशाला तापला तरी मंद होणार नाही आणि बनवायला परवडेल, यावर जगभर अजून मारामारी चालू आहे. तेव्हा काही उरलं नाही असं कुणी म्हणत असेल तर तो सिनियर कंटाळलेला आहे एवढंच समज.

रोजचं काम विचारलंस ना. मी पहिल्यांदा बनवला तो यट्रियम ऑक्साइडमधला युरोपियम. नायट्रेटं मोजायची, युरिया मोजायचा, थोड्या पाण्यात विरघळवून चिनी मातीच्या बशीत घालून साडेपाचशे अंशाच्या मफल भट्टीत सरकवायचं. आधी उकळतं, मग घट्ट होतं, मग दुधासारखं फसफसून वर येतं आणि अचानक आत भगभग ज्योत पेटते, पाच मिनिटांत खेळ खलास आणि बशीत पांढरी, हलकी, कापसासारखी फुगलेली राख. ही कम्बश्चनची पद्धत ऑक्साइडांसाठी बंगळुरूच्या आयआयएससीत के. सी. पाटील सरांच्या ग्रुपने १९८८ च्या सुमारास पुढे आणली, आपल्याच देशातली, आणि साध्या कॉलेजला परवडणारी. मग ती राख खलात घोटायची आणि अंधाऱ्या खोलीत २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही लॅम्पखाली धरायची. पांढऱ्या भुकटीतून कुंकवासारखा लाल उजेड आला तेव्हा मी लॅबमधल्या शिपाईकाकांना हाक मारून आत बोलावलं होतं, मला कुणालातरी दाखवायचंच होतं.

पण सिनियर म्हणतात तो भाग खोटा नाही. युरोपियम १ टक्का, २ टक्के, ५ टक्के घालून कुठे उजेड जास्त ते बघायचं आणि थांबायचं, असे पेपर पोत्याने पडलेत. खरा प्रश्न पुढे सुरू होतो. जास्त घातलं की उजेड कमी का झाला? आयन जवळ जवळ आले आणि एकमेकांकडे ऊर्जा सरकवत सरकवत कुठल्यातरी खड्ड्यात घालवून बसले, हे तर पुस्तकात आहे, पण तुझ्या मटेरियलमध्ये तो खड्डा नक्की कुठला? याचं उत्तर शोधायला लागलीस की तुझं काम वेगळं होतं. दोन्ही लॅबमध्ये जाऊन हाच प्रश्न विचार, आणि पोरं काय उत्तर देतात ते नीट ऐक.

आणखी एक, फॉस्फर म्हणजे फक्त दिवे नाही. एक्स-रे काढणाऱ्या टेक्निशियनच्या खिशाला जो टीएलडी बॅज लावलेला असतो ना, त्यात आपल्याकडे कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोसियम घातलेल्या चकत्या असतात, भाभा अणुसंशोधन केंद्राने हे देशभर उभं केलं. किरण लागले की ऊर्जा त्यात अडकून राहते आणि नंतर तापवलं की उजेड होऊन बाहेर पडते, तो मोजायचा आणि माणसाला किती डोस लागला ते सांगायचं. माझी मावसबहीण रेडिओलॉजीत आहे, तिच्या ॲप्रनवर तो बॅज बघितला की मला बरं वाटतं.

निवृत्त_स्फटिकवाली :

अगं पोरी, तुझी पोस्ट वाचून मला माझंच एमएस्सीचं वर्ष आठवलं. मी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यातली पंचवीस नॉनलिनियर ऑप्टिकल क्रिस्टल्सवर, म्हणजे लेझरचा रंग बदलणाऱ्या स्फटिकांवर. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले.

मफलवाला दादांनी पावडरीचं सांगितलं, मी स्फटिकांचं सांगते. १९६१ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूबी लेझरचा लाल प्रकाश, ६९४.३ नॅनोमीटरचा, क्वार्ट्झच्या स्फटिकात सोडला आणि बाहेर अगदी बरोबर निम्म्या लांबीचा, ३४७.२ चा प्रकाश आला. म्हणजे लाल आत गेला आणि अल्ट्राव्हायोलेट बाहेर! फोटोग्राफिक प्लेटवर त्याचा इतका बारीक ठिपका उमटला होता की जर्नल छापताना तो धुळीचा डाग समजून काढून टाकला गेला. पेपरमध्ये आजही बाण आहे आणि बाणाच्या टोकाला काहीच नाही. मी दरवर्षी वर्गात तो फोटो दाखवायचे. इतका मोठा शोध आणि तो इतक्या बारीक ठिपक्यात होता, तर मुलांनो प्लेटवरचा कुठलाही डाग पुसायच्या आधी दोनदा बघा, असं सांगायचे.

आता केडीपी म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. पाण्यात विरघळतं, महाग नाही, आणि लेझरचा रंग बदलायला आजही वापरतात. अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये तीनशे किलोच्या वरचा केडीपीचा एक स्फटिक साधारण ५२ दिवसांत वाढवला, जुन्या पद्धतीने त्याला दोनेक वर्षं लागली असती. आमचे स्फटिक बोटाच्या पेराएवढे, पण नियम तोच आहे की द्रावण शांत पाहिजे, स्वच्छ पाहिजे, आणि तापमान हललं नाही पाहिजे.

मी सुरुवात केली तेव्हा आमच्या गावात रोज लोडशेडिंग. बीज, म्हणजे सुरुवातीचा छोटा स्फटिक, नायलॉनच्या धाग्याला बांधून बीकरमध्ये सोडलेलं, वर भोकं पाडलेला कागद, बीकर पाण्याच्या बाथमध्ये. एकदा एक स्फटिक सदतीस दिवस वाढला होता, इतका नितळ की बीकरमध्ये आहे की नाही ते तिरपं बघितल्याशिवाय कळायचं नाही. शनिवारी रात्री लाईट गेली ती सोमवारी सकाळी आली. मी कॉलेजला पोचले तर बाथ थंडगार, बीकरच्या तळाला साखरेसारखे बारीक खडे साचलेले आणि माझ्या स्फटिकाच्या अंगावर सगळीकडे दुधाळ पापुद्रा. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. मग डोळे पुसून वहीत तारीख, वेळ, खोलीचं तापमान लिहिलं आणि नवीन बीज बांधलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. प्रोफेसर होऊन संशोधन करणं म्हणजे काय ते तुला या सोमवारवरून कळेल. सकाळी अकराला एफवायचं लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, मग नॅकच्या फाइली, परीक्षेचं सुपरव्हिजन, आणि या सगळ्याच्या मध्ये बीकरकडे दिवसातून चारदा जाऊन यायचं.

एक गोष्ट मात्र तुला कळकळीने सांगते. आमच्या विषयात एक वाईट खोड लागली होती. कुठलंही अमिनो ॲसिड घ्या, कुठलंही मीठ घ्या, एका बीकरमध्ये ढवळा, जो स्फटिक पडेल त्याला नवीन नाव द्या. गोवा विद्यापीठातल्या केमिस्ट्रीच्या एका प्राध्यापकांनी अशा कितीतरी 'नव्या' स्फटिकांचे दावे तपासले आणि पेपर लिहून दाखवून दिलं की हे नवीन काही नाही, हे ग्लायसिन किंवा ॲलनिनच आहे, जे आधी टाकलं होतं तेच परत पडलंय. ते वाचून मी माझे स्वतःचे जुने नमुने काढले आणि सिंगल क्रिस्टल एक्सआरडीला पाठवले. दोन बरोबर निघाले, एक नव्हता. तो पेपर मी मागे घेतला. त्या काळात खूप बोलणी खाल्ली, पण त्यानंतर माझ्याकडे आलेल्या एकाही मुलाने स्ट्रक्चर पक्कं झाल्याशिवाय हिरव्या प्रकाशाचं, म्हणजे स्फटिक लेझरचा रंग किती बदलतो त्याचं, माप घेतलं नाही. तू ज्या लॅबमध्ये जाशील तिथे आधी हे बघ, की ते पहिल्यांदा स्ट्रक्चर पक्कं करतात का.

नागोयातला_मराठी :

मी जपानमध्ये सेमीकंडक्टरमध्ये काम करतो, त्यामुळे अकासाकी सरांबद्दल थोडी भर घालतो, कारण पोस्ट वाचून असं वाटतं की ते आयुष्यभर विद्यापीठातच बसून होते आणि तसं नाहीये. क्योतोहून १९५२ ला पदवी, मग कोबे कोग्यो नावाच्या कंपनीत नोकरी, मग १९५९ ला नागोया विद्यापीठ, १९६४ ला डॉक्टरेट आणि त्याच वर्षी मात्सुशिता कंपनीच्या रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये गेले, आणि गॅलियम नायट्राइड सुरू केलं ते तिथे, कंपनीत. १९८१ ला परत नागोयाला प्रोफेसर म्हणून आले तेव्हा पन्नाशी उलटली होती. म्हणजे ज्या कामाला नोबेल मिळालं त्यातलं मुख्य काम वयाच्या पन्नाशीनंतरचं. ज्यांना तिशीतच वाटतं की आपलं काही होणार नाही त्यांनी हे लक्षात ठेवा.

अडचण काय होती ते नीट समजून घे कारण तुझा विषय तोच आहे. गॅलियम नायट्राइड वाढवायला त्याच्या मापाचा पाट मिळत नव्हता. नीलम म्हणजे सफायरवर वाढवायचं तर दोघांच्या अणूंच्या जाळीत साधारण १६ टक्क्यांचा फरक, म्हणजे विटांच्या भिंतीवर वेगळ्याच मापाच्या विटा रचायच्या. थर खडबडीत, धुरकट, भेगाळलेला यायचा. म्हणून बहुतेक लोक झिंक सेलेनाइडकडे गेले, तिथे जाळी गॅलियम आर्सेनाइडशी छान जुळत होती. अकासाकी गेले नाहीत.

१९८२ ला हिरोशी अमानो नावाचा पोरगा त्यांच्या लॅबमध्ये आला. हा दिवसेंदिवस भट्टीपाशी, दीड हजारांच्या वर प्रयोग केले म्हणतात. १९८५ मध्ये भट्टी नीट तापत नव्हती, तेव्हा त्याने कमी तापमानाला आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर बसवला आणि मग हजारेक अंशाला त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवलं, तर थर काचेसारखा लख्ख आला. म्हणजे दोन बेमापी विटांच्या मध्ये एक मऊ गादी घातली. १९८६ ला ते छापून आलं. पुढे पी-टाइप, म्हणजे जोडातला दुसरा थर, होईना. तेव्हा झिंक घातलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघताना लक्षात आलं की बीम पडत राहिला की नमुना जास्त चमकतो. तोच धागा धरून मॅग्नेशियम घातलेला नमुना बीमखाली ठेवला आणि १९८९ ला पी-टाइप मिळालं. का झालं ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. नंतर नाकामुरांनी १९९२ ला दाखवलं की हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून त्याला गप्प बसवत होता, नुसतं नायट्रोजनमध्ये तापवलं तरी तो निघून जातो. आणि १९९३ ला त्यांच्याकडून झगझगीत निळा एलईडी आला.

बघ, इथे बीमखाली चमक वाढली ते कुणीही 'नमुना बदलतोय, खराब झाला' म्हणून फेकून दिलं असतं. मॅडमनी सांगितलेला प्लेटवरचा डाग आणि ही चमक एकाच जातीची.

आणि पैशाचं म्हणशील तर त्यांच्या पेटंटच्या रॉयल्टीतून नागोया विद्यापीठात त्यांच्या नावाची इन्स्टिट्यूट उभी राहिलीये, २००६ पासून. ते १९९२ ला निवृत्त होऊन मेइजो विद्यापीठात गेले आणि शेवटपर्यंत काम करत राहिले, २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले.

सीएचबीवाला_भाऊ :

सगळं छान लिहिलंय सगळ्यांनी पण ताईला पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझी पीएचडी ग्लासेसमध्ये, रेअर अर्थ घातलेल्या काचा. तासिका तत्त्वावर सातवं वर्ष चालू आहे. एका कॉलेजात मुलाखत झाली, सगळं पसंत पडलं आणि मग जागा भरायचीच नाही असं ठरलं, ते दीड वर्ष मी नुसता फोनची वाट बघत होतो. विषयावर माझा राग नाही, काच ओतताना जो नारिंगी रस पितळेच्या साच्यात पडतो तो बघायला मी अजून सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये जातो.

तर फेलोशिप असल्याशिवाय पीएचडीला बसू नको. सीएसआयआर-यूजीसी नेटची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) आली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला (सिनियर फेलोशिपला) ४२,०००, वर घरभाडं. नाहीतर सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिप बघ, ज्यात बसत असशील त्यात. आता नेटच्या मार्कांवर पीएचडीचा प्रवेशही होतो. सोबत सेट पण देऊन टाक. आणि बीएड वाईट नाही, पण वडिलांना सांग की आधी नेटचे दोन अटेम्प्ट देते, मग बोलू. कागदावर महिन्याचा आकडा दाखवला की घरचे ऐकतात, माझे ऐकले होते.

आणि लहान कॉलेज म्हणून घाबरू नको. मशीन नाही म्हणून काम अडत नाही. आयआयटी मुंबईच्या सैफला, म्हणजे तिथल्या मोठ्या मशीनांच्या सोयीला, नमुने पाठवता येतात, इंदूरला यूजीसी-डीएईच्या सेंटरमध्ये प्रपोजल टाकता येतं. मी माझ्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून रात्रीच्या एसटीने इंदूरला घेऊन गेलोय, मांडीवर डबा धरून.

खान्देशची_लेक :

मला इतकं कुणी लिहील असं वाटलंच नव्हतं. मॅडम, तुमचा सोमवार मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली त्या बाईंनी परत बीज बांधलं ना, मग झालं.

काल मफलवाला दादांचा प्रश्न घेऊन फॉस्फरच्या लॅबमध्ये गेले. एका ताईने उत्तर दिलं की ५ टक्क्यांनंतर उजेड कमी झाला, क्वेन्चिंग झालं. मी म्हटलं पण ऊर्जा गेली कुठे, तर ती थोडी थांबली आणि म्हणाली माहीत नाही, मला पण तेच बघायचंय पण डिके टाइम, म्हणजे उजेड विझायला लागणारा वेळ, मोजायला इथे सेटअप नाही. मग तिने स्वतःहून लॅम्पखाली नमुने दाखवले, सात बश्या ओळीने, चौथी सगळ्यात लाल. क्रिस्टलच्या लॅबमध्ये सर भेटले नाहीत पण बीकर बघितले, आणि मॅडम, तिरपं बघितल्यावरच दिसला!

पप्पांशी बोलले, नेटचे दोन अटेम्प्ट द्यायला हो म्हणालेत. भाऊ, इंदूरच्या प्रपोजलबद्दल तुम्हाला विचारायचंय, डिके टाइमचं तिथे किंवा सैफला होईल का? त्या ताईलाही हवंय, आम्ही दोघी मिळून नमुने पाठवू म्हणतोय.

निवृत्त_स्फटिकवाली :

पाठवायच्या आधी प्रत्येक बशीतला थोडा नमुना वेगळ्या बाटलीत काढून ठेव गं, वर तारीख आणि टक्केवारी पेन्सिलीने लिही. शाई स्पिरिटने पुसली जाते.